फेट्यावरचं तेज

तेरणेच्या घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. पायऱ्यांवर माणसं, पायऱ्यांखालच्या चिखलात माणसं, आणि ज्यांना तिथंही शिरता आलं नाही ती बंद साखर कारखान्याच्या कुंपणावर चढून बसलेली. पितृपंधरवडा चालू होता. एरवी या दिवसांत आमच्या सावळखेडला घराघरात खिरीचा वास असतो आणि कावळ्यांची वाट पाहणं असतं. यंदा कावळ्यांकडे कुणी ढुंकूनही पाहीना, कारण यंदा पूर्वज स्वतःच येत होते. तेही फोटोसकट.

घाटाच्या मधोमध पाट, पाटावर तांब्याचा मोठा कलश आणि कलशामागे छायानंद महाराज. अंगात मोरपंखी कफनी, गळ्यात रुद्राक्ष, आणि हातात, आपल्या शाळेत कार्यानुभवाला वापरतात तसला पांढरा स्वच्छ कागद. त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला, उन्हात धरला.

"बघा! कोरा आहे की नाही?"

"कोरा हाय!" घाट ओरडला.

"कॅमेरा म्हणजे काय? परदेशी डोळा! आणि नदी? नदी म्हणजे स्वदेशी डोळा! तुमचे वाडवडील हिच्या पाण्यात वाकून तोंड धुवायचे ना? त्या वेळी हिनं त्यांचं तोंड टिपून ठेवलं. तुमच्या मोबाइलचं मेमरी कार्ड भरतं. तेरणामाईचं कार्ड कधी भरत नाही! सायंटिस्ट लोक आत्ता कुठं याला क्वांटम म्हणायला लागलेत."

एवढं बोलून महाराजांनी कागद कलशातल्या पाण्यात सोडला, डोळे मिटले आणि कसलंतरी पुटपुटले. पाण्यातल्या कागदावर आधी मळकट डाग पडले, मग त्या डागांची पगडी झाली, पगडीखाली मिशा आल्या आणि मिशांवर डोळे उमटले. महाराजांचा चेला गुरुप्रसाद यानं कागद वर उचलून सगळ्यांना दाखवला. "आण्णासाहेबांचे आजोबा!" कुणीतरी किंचाळलं, आणि शंख वाजला.

आण्णासाहेब पुढच्या रांगेत खुर्चीवरच बसलेले होते. कारखान्याचे माजी अध्यक्ष आणि आता कारखान्याच्या सुवर्णमहोत्सव समितीचे अध्यक्ष. कारखाना बंद पडून आठ-नऊ वर्षं झाली असली तरी महोत्सव करायला काही चालू असावं लागत नाही. आजोबांना पाहून त्यांनी उपरण्यानं डोळे टिपले. आजोबांनी महाराजांच्या तोंडून सांगितलं की मी समाधानी आहे, नातवानं घराण्याचं नाव राखलं. ज्यांची मुलं आमदारकीला उभी राहायची असतात त्यांचे पूर्वज नेहमी समाधानीच असतात, हे मी पुढं बरेच दिवस पाहिलं.

मी म्हणजे नीला. इथल्या हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाले. माहेर तुळजापूरचं, पण आता अर्धं गाव माझ्या हाताखालून गेलेलं, त्यामुळे लहानथोर मला बाईच म्हणतात. या सगळ्या गोंधळाचं मूळ थोडंसं माझ्याकडेच येतं, म्हणून हे सांगायला मला बसावं लागलं.

आमचं सावळखेड तसं उद्योगी गाव. निजामाच्या काळात इथं नदीकाठी कापसातून सरकी काढायचं जिनिंग होतं, मग तेलाची गिरणी आली, आणि पुढं सहकारातून साखर कारखाना उभा राहिला. या प्रत्येकाचे फोटो होते. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या देव्हाऱ्यामागं, काही तर गोठ्यात. गिरणीचा पट्टा चढवणारे कामगार, भोंग्याखाली उभी मुलं, नदीवर एका रांगेत कपडे धुणाऱ्या कामगारांच्या बायका. कारखान्याचा बॉयलर ज्या दिवशी पेटवत त्या दिवशी सगळ्या कामगारांना याच घाटाच्या पायऱ्यांवर उभं करून दरवर्षी एक मोठा फोटो काढायचे आणि त्याखाली ओळीनं सगळ्यांची नावं लिहायचे. सुवर्णमहोत्सवासाठी हे सगळं मी गोळा केलं, शाळेच्या फ्रेमा मागून घेऊन काचेत लावलं आणि शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं. उद्‌घाटनाला गाव लोटलं. चहा आणि पोहे होते. पोहे संपल्यावर गाव परत गेलं. फोटो नीट पाहिले असतील ते पाच-दहा माणसांनी, आणि त्यातली निम्मी आपला बाप शोधायला आली होती.

म्हणूनच घाटावर पगडीवाले आजोबा उगवले तेव्हा, हे तोंड आपण शाळेच्या भिंतीवर पाहिलंय, असं कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्या आलं. मी तसं बोललेही. शेजारच्या उमादेवी म्हणाल्या, "बाई, तुमाला तर देवाच्या आरतीतबी चूक दिसती." मागून कुणी तरी म्हणालं, "गप ऱ्हावा की, आमचा नंबर हाय पुढं."

मी गप्प राहिले असते. ज्याचे त्याचे आजोबा ज्याच्या त्याच्या घरी गेले असते आणि पंधरवडा संपला असता. पण तिसऱ्या दिवशी शंभुलिंग उगवले.

त्या दिवशी महाराजांच्या अंगात जरा जास्तच आलं होतं. "आज जड आत्मा आहे," ते म्हणाले. "पाणी तापलंय बघा." कुणी हात घालून पाहिला नाही. कागदावर एक राकट चेहरा आला. फेटा, कपाळाला आठ्या, आणि फेट्याच्या वरच्या अंगाला लखलखीत पांढरा पट्टा.

"तेज!" गुरुप्रसाद ओरडला. "कोपलेल्या आत्म्याचं तेज!"

घाटावरची माणसं खाली वाकली. महाराजांनी डोळे फिरवले आणि आवाज घोगरा केला. "मी शंभुलिंग. मी या कारखान्यात अतृप्त मेलो. बॉयलरपुढं उभा आहे. माझ्या दारातून जो धूर निघतो तो बॉयलरला विझवतो. माझं दार बंद केल्याशिवाय चिमणीतून धूर निघणार नाही!"

आता इथं शंभुलिंग यांचं दार म्हणजे काय, ते सांगायला हवं. कारखान्याच्या फाटकाला लागून त्यांच्या सुनेची, सत्यभामाची, खानावळ आहे. दोन खोल्या, पुढं पत्रा आणि चूल. नवरा वारल्यापासून बाई ट्रकवाल्यांना आणि ऊसतोडीवाल्यांना जेवायला घालून जगते आहे. यंदा कुणी नवा भाडेकरू कारखाना चालवायला घेणार होता आणि दसऱ्याला बॉयलर पेटणार होता. मागच्या वर्षी दोनदा पेटवून पाहिला तेव्हा पेटला नाही. नळ्या गंजून गेल्यात असं मेकॅनिकनं स्पष्ट सांगितलं होतं. पण गंज ऐकायला घाटावर कधी गर्दी होत नाही.

आण्णासाहेब उठले. मी त्यांचा चेहरा पाहत होते. इतका हलका झालेला चेहरा मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता. "मंडळी," ते म्हणाले, "इतकी वर्षं लोकांनी मला बोल लावला. अध्यक्षानं खाल्लं, संचालकांनी खाल्लं. आज खरं काय ते तेरणामाईनं दाखवलं. मी कुणावर राग धरत नाही."

टाळ्या पडल्या. लेखापरीक्षकांनी तीन वर्षं कपाटं उपसूनही जे सापडलं नव्हतं ते एका कलशात सापडलं. कारखाना भुतानं बुडवला होता. तिथल्या तिथं ठरलं की सर्वपित्री अमावास्येपर्यंत सत्यभामानं खानावळ बंद करावी, चूल मोडावी आणि माहेरी निघून जावं. गावाच्या भल्यासाठी.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. दुपारी जिथं पंगत उठायची तिथं एकही माणूस नव्हता. भाकरीची परात रिकामी. ती मोठी पातेली एकात एक घालून दोरीनं बांधत होती.

"सत्यभामा, काय करतेस हे?"

"निघायचं बगते. तेरखेड्याला भाऊ हाय. फटाक्याच्या कामाला लावतो म्हनला."

"आणि तू निघणार? कुणी एक बुवा म्हणतो म्हणून?"

तिनं दोरी सोडली आणि खाली बसली. "बाई, बुवाचं कुनी बगितलंय? म्या सोता बगितलं की. लगीन होऊन आले तवा सासरे जाऊन लई वरसं झालती. घरात त्यांचा येक फोटू न्हाई. नवऱ्यालाबी बाप आठवत न्हवता. पयल्यांदा सासऱ्याचं तोंड बगितलं ते आसं. समद्या गावाम्होरं. पापी म्हनून." तिनं सुटलेली दोरी पुन्हा हातात घेतली. "त्यांनी गाव बुडवलं म्हंत्यात. म्या कोनच्या तोंडानं हितं ऱ्हाऊ?"

मला त्या महाराजाचा राग होता, पण त्या क्षणी तो खरा पेटला. पूर्वज दाखवायचा आणि तो तिला असा दाखवायचा! मी तिला म्हणाले, "अमावास्येपर्यंत थांब. त्याआधी जाऊ नकोस, माझी शपथ आहे."

घरी न जाता मी सरळ शाळेच्या हॉलमध्ये गेले. फोटो अजून लावलेलेच होते. बॉयलरच्या फोटोंपुढून चालता चालता मी कामगारांच्या एका फोटोशी थांबले. दुसऱ्या ओळीत फेटा बांधलेला, कपाळाला आठ्या घातलेला माणूस. खाली नाव, शंभुलिंग. आणि फेट्याच्या वरच्या अंगाला, फ्रेमच्या काचेत, लखलखीत पांढरा पट्टा.

मी वर पाहिलं. छताला ट्यूबलाइट होती. मी बटण बंद केलं, फेट्यावरचं तेज गेलं. पुन्हा लावलं, तेज आलं. कोपलेला आत्मा शाळेच्या मीटरवर चालत होता.

म्हणजे कुणीतरी इथं उभं राहून काचेतून फोटो काढला होता. कोण, तेही मला लगेच आठवलं. प्रदर्शनाच्या वेळी एक तरुण आला होता. जीन्स, उलटी टोपी, डोक्यावर गॉगल. वारसा-अभ्यासक आहे म्हणाला. एवढं बारकाईनं बघणारा पहिला माणूस भेटला म्हणून मी त्याला दोनदा पोहे वाढले. त्यानं एकेका फ्रेमचा मोबाइलवर फोटो घेतला, खालची नावं घेतली आणि कोण कुणाचा कोण हेही मला विचारून घेतलं. मी उत्साहानं सगळं सांगितलं, खानावळीसकट. त्या तरुणाच्या अंगावर भगवी कफनी घाला आणि नाव गुरुप्रसाद ठेवा, झालं.

चेहरा कुठून आला हे कळलं. कोऱ्या कागदावर कसा आला, तेही मला माहीत होतं. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला ते माहीत असावंच लागतं. पण हे गावाला नुसतं सांगून भागणार नव्हतं. मी तीस वर्षं फळ्यावर लिहून दाखवलं, त्यातलं किती राहिलं ते घाटावर दिसतच होतं. दाखवायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी धाराशिवला जाऊन एका जुन्या स्टुडिओच्या माळ्यावरून कृष्णधवल फोटोचा कागद मिळवला. पूर्वी शाळेच्या छंदवर्गात मी मुलांना फोटो धुवायला शिकवायची, त्यामुळे ट्रे होते, लाल दिवा होता. प्रदर्शनाच्या अहवालासाठी मी पाहुण्यांचे फोटो घेतले होते. त्यातला एक निवडला. बाकीचं सामान प्रयोगशाळेच्या कपाटात मिळालं, त्यातली एक बाटली कवटीचं चित्र लावलेली.

सर्वपित्री अमावास्येला सकाळी घाटावर मागच्यापेक्षा दुप्पट गर्दी होती. खानावळीसमोर टेंपो उभा, त्यात सत्यभामाची पातेली भरलेली. ती स्वतः सासऱ्यांना शेवटचा नमस्कार करायला घाटावर आली होती आणि लोक तिच्यापासून दोन पायऱ्या सोडून उभे होते.

मी रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला तसा गुरुप्रसादनं गठ्ठ्यातला कागद पुढं केला.

"नको," मी म्हणाले. "कागद मी आणलाय." मी तो वर धरून फिरवला. "कोरा आहे ना?"

"कोरा हाय!" घाटाला आता सवय झालेली होती.

महाराजांच्या कपाळाला आठी पडली. "माताजी, कागद मंत्रानं शुद्ध केलेला लागतो."

"महाराज, नदीला शंभर वर्षांपूर्वीची तोंडं आठवतात, मग कागद कुणाचा आहे याचा तिला काय फरक पडतो?"

मागं कुणीतरी हसलं. महाराज आण्णासाहेबांकडे पाहू लागले. आण्णासाहेब मोठ्या मनानं म्हणाले, "बुडवू द्या हो महाराज. त्यावर काही यायचं नाही, मग बाईंचीबी खात्री पटंल." महाराजांना हे पटलं. ते खुलले. त्यांच्या हिशेबी माझा कागद कोरा तो कोराच राहणार होता.

त्यांनी स्वतःच्या हातानं माझा कागद कलशात सोडला. डोळे मिटले, पुटपुटले. मी काहीच पुटपुटले नाही. कागदावर मळकट डाग पडले. डागांची टोपी झाली, उलटी. टोपीवर गॉगल आला. गॉगलखाली गुबगुबीत गाल, आणि गालांखाली पोह्यांची बशी.

महाराजांनी डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. ती संधी साधून मी कागद उचलला आणि सगळ्यांना दाखवला. "कुणाचे पूर्वज आहेत हे? ओळखा बरं."

मग कुंपणावरून एक पोरगा ओरडला, "आरं ह्यो तर त्यो चेला हाय!" आणि मग जे हसू फुटलं ते नदीपलीकडच्या उसापर्यंत गेलं असेल. मेल्यावर जीन्स घालून पोहे खाणारा पूर्वज सावळखेडनं पहिल्यांदाच पाहिला होता. गुरुप्रसाद तोंड लपवायला कफनी वर घेऊ लागला तर खालून तीच जीन्स दिसली.

"माया आहे!" महाराज गरजले. "या बाईनं करणी केली आहे!"

"केलीय," मी म्हणाले. "आता तीच सगळ्यांना शिकवते." मी गुरुप्रसादच्या हातातल्या गठ्ठ्यातला एक कोरा कागद ओढून घेतला. सत्यभामाला म्हटलं, एक तांब्या पाणी थेट नदीतून भरून आण. तिनं आणलं. त्यात कागद बुडवला. सगळे वाकून पाहत राहिले. काही आलं नाही. "ही खरी तेरणा," मी म्हणाले, "हिला काही आठवत नाही." मग तोच कागद कलशात टाकला. चटकन एका म्हाताऱ्या मुनिमजींचं तोंड वर आलं.

"जुन्या पद्धतीचा काळा-पांढरा फोटो चांदीचा असतो," मी सांगितलं. "म्हणजे त्यातलं काळं चांदीच्या कणांचं असतं. असा फोटो पाऱ्याच्या एका क्षाराच्या पाण्यात धरला की ते काळं पांढरं पडतं. चित्र जात नाही, फक्त दिसायचं थांबतं. धुऊन वाळवला की झाला कोरा कागद. मग तो हायपोच्या पाण्यात टाकायचा. हायपो म्हणजे फोटो स्टुडिओत वापरायचे ती पांढरी पूड. त्यात पडला की चित्र पुन्हा काळं होतं. विलायतेत दीडशे वर्षांपूर्वी असले जादूचे फोटो पोरांच्या करमणुकीला विकायचे. या कलशात मंत्र नाही, हायपो आहे. आणि आत्ता रांगेत मला कळलं, तुमच्यातल्या काहींनी हे पाणी तीर्थ म्हणून प्यायलंय. कागदाला लागलेला तो पारा विष आहे. ज्यांच्या तोंडाला धातूची चव येतेय, पोटात ढवळतंय, त्यांनी आजच्या आज दवाखाना गाठा."

हसू थांबलं. चार-पाच जणांनी पोटावर हात ठेवले. महाराज पाटावरून उठायला लागले, तर पहिल्या दिवसापासून पुढच्या रांगेत बसलेल्या उमादेवींनी त्यांची कफनी धरली. "बसा की महाराज. आमचा नंबर ऱ्हायलाय."

मला वाटलं, संपलं. पण संपलं नव्हतं. आण्णासाहेब उभे राहिले. त्यांना महाराज गेले तरी चालणार होते, भूत गेलेलं चालणार नव्हतं.

"बाई, कागदाची युक्ती आसंल. महाराज खोटे आसतील, मान्य. पण फोटोतला मानूस तर खरा ना? शंभुलिंग कामावर मेला, अतृप्त मेला, हे तर खरं ना? आत्मा काय फोटोवर अवलंबून आसतो व्हय?"

आणि माझ्या डोळ्यांदेखत लोकांच्या माना हलायला लागल्या. मला हे अपेक्षित नव्हतं. फसवणारा पकडला गेला की फसवणूक संपते, असं मला वाटायचं. पण आठवडाभर ज्या भुतानं सगळ्यांचा भार उचलला त्याला लोक इतक्या सहज सोडेनात. "तेबी खरंच हाय," कुणीतरी म्हणालं. सत्यभामानं मान खाली घातली आणि टेंपोच्या दिशेनं एक पाऊल टाकलं.

तेवढ्यात गर्दीतून एक काठी पुढं आली आणि काठीमागून एक सत्तरीचा धनगर. खांद्यावर घोंगडी. मला तो अनोळखी होता.

"कुटं हाय शंभू?" तो म्हणाला. "नळदुर्गाकडं मेंढरं घिऊन व्हतो. कुनी म्हनलं सावळखेडात शंभू दिसतुया. तवा चालत आलो. मला बगू द्या की त्याला."

"तुम्ही कोण?" मी विचारलं.

"म्या बिराप्पा. आमी दोगं येकाच पाळीत व्हतो. येका डब्यात जेवायचो."

शाळेतल्या फोटोवरून उतरवून आणलेला त्या चेहऱ्याचा कागद मी पिशवीतून काढला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. मग त्याचं तोंड पडलं.

"ह्यो शंभू न्हाई," तो म्हणाला. "ह्यो म्या हाय."

मी म्हणाले, "पण शाळेतल्या फोटोखाली नाव शंभुलिंग आहे."

"आसनारच की! त्या सालातच त्यो गेला. शेतात पान लागलं, साप चावला त्याला. कारखान्यात न्हाई काय झालं. आमची येक रीत व्हती, बाई. बॉयलर पेटायच्या आदी गडी गेला तर त्या साली फोटूत त्याची जागा मोकळी सोडायची न्हाई. त्याच्या पाळीतल्यानं त्याचा फेटा बांदून त्याच्या जागंवर हुबं ऱ्हायचं आन खाली नाव त्याचंच ल्ह्यायचं. म्हंजी त्यो शेवटचा दिसला पाहिजे आमच्यात." बिराप्पानं कागद परत माझ्या हातात ठेवला. "शंभूचं पोर तवा लई बारकं व्हतं. म्हून म्या हुबा ऱ्हायलो. फेटा त्याचा, तोंड माजं. म्या मेलो न्हाई आन कोपलोबी न्हाई. शंभू काय सांगू तुमाला, लई हसरा व्हता. त्याच्या कपाळाला कदी आठी बगितली न्हाई म्या."

मी खाली नाव वाचलं होतं आणि विश्वास ठेवला होता, महाराजांनीही तेच केलं होतं. एका मित्रानं मित्राची जागा राखली, आणि आम्ही त्या प्रेमातून भूत काढलं. माझे डोळे भरून आले, मी लपवले नाहीत.

सत्यभामा पुढं आली. बिराप्पाच्या पाया पडली. "मामंजी हसरे व्हते?" तिनं विचारलं.

"लई. तुज्या दारात बसून सांगतो, चल. चूल पेटवलीस का न्हाई आजून?"

ती उठली. लोकांनी तिला वाट दिली, पण ती खानावळीकडं गेली नाही. ती आण्णासाहेबांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही तिनं.

"सासरे कारखान्यात मेले न्हाईत. कोपलेबी न्हाईत. मग आण्णासाहेब, कारखाना कुनी बुडवला?"

कुंपणावर बसलेल्या पोरांपर्यंत सगळ्यांनी ते ऐकलं. आण्णासाहेबांनी उपरणं सारखं केलं. "त्याचं उत्तर योग्य वेळी, योग्य ठिकाणी..."

"हितंच द्या की," मागून कुणीतरी म्हणालं. मग आणखी कुणी. ज्या माना मघाशी हलत होत्या त्या आता सगळ्या एकाच खुर्चीकडे वळल्या होत्या. महाराजांकडे कुणाचं लक्षच उरलं नाही. कुणीतरी फोन करून बोलावलेले पोलीस आले तेव्हा ते आणि गुरुप्रसाद आपापल्या जागी मुकाट बसलेले होते, कारण उमादेवींनी कफनी सोडली नव्हती.

पारा काय, हायपो काय, हे तुम्ही विसरलात तरी मला चालेल. माझी विनंती एवढीच आहे, आणि ती मी बाई म्हणून करते, साध्या शब्दांत. तुमच्या घरात, गावात काही बिघडलं आणि कुणी तुम्हाला मेलेल्या माणसाचं नाव सांगितलं, तर हात जोडण्याआधी विचारा: हे नाव पुढं केल्यानं कोणता जिवंत माणूस सुटतो, आणि कोणता उघड्यावर पडतो? सत्यभामानं तो प्रश्न विचारला. आण्णासाहेबांना अजून उत्तर सापडलेलं नाही, पण आता ते खानावळीवरून जाताना गाडीची काच खाली घेत नाहीत.